ऑगस्टात पूर, एप्रिलात उपसाबंदी: पंचगंगेच्या खोऱ्यात नेमकं काय बिघडतंय?

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगताना नेहमी दमछाक होते. ज्या पंचगंगेच्या पुरानं २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद ठेवला, त्याच पंचगंगेवर उन्हाळ्यात उपसाबंदी लागते. उपसाबंदी म्हणजे ठरवून दिलेल्या दिवसांत नदीवरच्या शेतीच्या मोटारी बंद. घाटमाथ्यावर पाच हजार मिलिमीटर पाऊस, जिल्ह्यात डझनभर धरणं, आणि तरी उभ्या उसाची पाण्याची पाळी चुकते. ऐकणारा विचारतो, ‘मग एवढं पाणी जातं कुठं?’

प्रश्न रास्त आहे. पण मला त्याहून उपयोगाचा वाटतो तो ‘पाणी येतं कधी?’ हा प्रश्न. हवामानबदलाची चर्चा आपल्याकडे तापमानाच्या आकड्यांत अडकते. सरासरी तापमान अर्ध्या अंशानं वाढलं, हे बांधावर उभं राहून कुणाला कळत नाही. पाऊस पंधरा दिवस उशिरा आला किंवा महिन्याचा पाऊस चार दिवसांत कोसळला, ते मात्र लगेच कळतं. आपली धरणं, बंधारे, उसाच्या लागणी, भाताची कोरड्या मातीतली धूळवाफ पेरणी, इतकंच काय नदीतून मोटारी वर काढायचा आठवडा, हे सगळं पावसाच्या एका जुन्या वेळापत्रकावर बेतलेलं आहे. ते वेळापत्रक आता पाळलं जात नाही. खोऱ्यातल्या बहुतेक पाणीप्रश्नांची मुळं इथं सापडतात.

पाऊस पश्चिमेला, पीक पूर्वेला

गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर शिरोळ तालुका आहे, तिथं पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात दहापटीचा फरक. ढग सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिकामे होतात. पूर्वेकडं पोचेपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि श्रद्धेनं पाचवी मानलेली गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची पंचगंगा प्रयाग चिखलीजवळ होते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. पश्चिमेचा पाऊस पूर्वेच्या शेतापर्यंत नेण्याचं काम तिचं.

पाऊस पडतो चार महिने, ऊस पाणी पितो बारा महिने, आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टात लावलेला असेल तर सोळा-अठरा. मधली तफावत भरायला दोन गोष्टी आहेत. पहिली धरणं. शाहू महाराजांनी १९०७-०८ च्या सुमारास भोगावतीवर राधानगरीचं काम हाती घेतलं, त्याआधीच्या दहा वर्षांत दोन मोठे दुष्काळ त्यांच्या रयतेनं सोसले होते. ते धरण पुरं व्हायला शतकाची पन्नाशी उजाडली. दुसरी गोष्ट म्हणजे बंधारे, तेही असे की आपल्या गावाचं नाव घेऊन ते महाराष्ट्रभर गेले. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीत उभे केलेले दगडी किंवा काँक्रीटचे खांब, त्यांना खाचा, आणि खाचांत बसवायचे लाकडी किंवा लोखंडी बरगे. पावसाळा सरला की बरगे घालायचे, नदी अडवायची. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढायचे, नदी मोकळी सोडायची. उन्हाळ्यात धरणातून सोडलेलं पाणी एका बंधाऱ्यातून दुसऱ्यात उतरत जातं आणि काठावरचे पंप ते उचलतात. या भागात कालव्यापेक्षा उपशावरच शेती जास्त आहे. बहुतेक उपसा सहकारी पाणीपुरवठा संस्थांचा.

व्यवस्था साधी, स्वस्त आणि शंभरेक वर्षं टिकलेली आहे. तिची एकच अट होती, की पाऊस वेळेवर यावा आणि वेळेवर जावा.

एक हिशेब मांडून बघू

बातम्यांत दोन शब्द सतत येतात. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी, सुमारे २,८३१ कोटी लिटर. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट वाहतं पाणी. साडेअकरा हजार क्युसेकचा प्रवाह चोवीस तास चालला की एक टीएमसी होतो. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढच्या बातम्या वेगळ्या दिसायला लागतात.

पंचगंगेच्या पोटनद्यांवर चार महत्त्वाची धरणं आहेत. राधानगरी ८.३६ टीएमसी, तुळशी ३.४७, कासारी २.७७, कुंभी २.७१. बेरीज सव्वासतरा टीएमसीच्या थोडी वर. काळम्मावाडी २५.३९ टीएमसीचं आणि वारणा ३४.४० टीएमसीचं, पण ती दूधगंगा आणि वारणा नद्यांवर आहेत. त्यांचं पाणी वेगळ्या वाटेनं कृष्णेला जातं.

आता पंचगंगेचं पाणलोट क्षेत्र धरा अडीच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यावर सरासरी १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर पडलेलं पाणी होतं पावणेनऊ टीएमसी. म्हणजे असे दोन दिवस झाले की चारही धरणांत मावेल एवढं पाणी आभाळातून खाली आलं. त्यातलं काही जमिनीत मुरतं हे खरं, पण जुलै-ऑगस्टमध्ये जमीन आधीच तुडुंब असते. शिवाय पाणलोटाचा बराच भाग धरणांच्या खाली आहे. तिथं पडलेलं पाणी कुठलंच धरण अडवत नाही, ते थेट नदीत येतं.

म्हणून ‘एवढा पूर येतो तर धरणं बांधून पाणी साठवा की’ हे बोलायला सोपं आहे. पावसाळ्याचं पाणी चार महिन्यांत सावकाश आलं तर हीच धरणं पुरतात. आठवडाभरात आलं तर दुप्पट धरणंही पुरायची नाहीत.

कोल्हापूरच्या घरात हे कुणालाही पटेल. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, म्हणून किराणा, शाळेची फी, पशुखाद्य, सगळं चालतं. उसाचं बिल एकदम येतं, मोठं येतं, आणि आलं तसं सोसायटीच्या कर्जात, लग्नात, ट्रॅक्टरच्या हप्त्यात निघून जातं. आपला पाऊस पूर्वी दुधाच्या बिलासारखा यायचा. आता तो उसाच्या बिलासारखा यायला लागलाय.

हवा तापली की पाऊस असा का वागतो?

हवा एका अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. हा भौतिकशास्त्राचा जुना नियम आहे, त्यात वाद नाही. त्याचे दोन परिणाम एकाच वेळी होतात. पाऊस पडायला लागला की ढगात माल जास्त असतो, म्हणून तो जोरात कोसळतो. आणि तीच तापलेली हवा जमिनीतली, तळ्यातली, पानातली ओल अधिक ओढून घेते; पुन्हा भरायलाही तिला अधिक बाष्प लागतं, म्हणून दोन पावसांतली उघडीप जास्त कडक जाते. अतिवृष्टी आणि उघडीप एकाच कारणातून येतात. ‘एवढा पूर आला, मग कसलं तापमान नि कसला दुष्काळ’ हे कट्ट्यावरचं वाक्य इथं चुकतं.

यात अरबी समुद्राची भर. तो तापतोय, आणि आपल्याकडं येणारं पावसाळी वारं त्याच्यावरूनच बाष्प उचलतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्यामागं अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे वाढलेले लोंढे आहेत. केंद्राच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयानं २०२० साली देशाच्या हवामानबदलाचा आढावा घेतला. १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि घट ठळक दिसलेल्या भागांत पश्चिम घाट आहे. त्याच अहवालानुसार १९८१ ते २०११ या काळात पावसाळ्यातले कोरडे खंड आधीच्या तीस वर्षांपेक्षा २७ टक्क्यांनी वाढले. एकूण पाऊस थोडा कमी, पण पडतो तेव्हा बेफाम, आणि मधे लांब उघडीप.

इथं एक सावधगिरी. अमुक एक पूर हवामानबदलानंच आणला, असं कुठल्याही पुराबद्दल सरळ म्हणता येत नाही. पूर आधीही येत होते. बदललंय ते असे पूर येण्याचं प्रमाण.

गेल्या काही वर्षांचा हजेरीपट

२०१९ घ्या. मान्सून महाराष्ट्रात पोचायला २० जून उजाडला, मृग कोरडा गेला, पेरण्या लांबल्या. आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, आश्लेषा नक्षत्रात, कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथं इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. एकाच हंगामात आधी पावसाची वाट बघितली आणि नंतर त्याच पावसानं घर सोडायला लावलं.

२०२१ मध्ये जुलैच्या चौथ्या आठवड्यात पाणी ५६ फुटांच्या आसपास गेलं. पुनर्वसूचा तो ‘तरणा’ आणि पुष्याचा तो ‘म्हातारा’ पाऊस, असं आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात. त्या वर्षी म्हाताऱ्यानंच दाणादाण उडवली. पाऊस एवढा झपाट्यानं पडला, की लोकांना हालायला २०१९ पेक्षाही कमी वेळ मिळाला. २०२३ साली उलटं. एल निनोचं, म्हणजे प्रशांत महासागर तापून आपला पाऊस बिघडवणारं वर्ष, मान्सून उशिरा, आणि देशभराचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा. सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा भरण्याच्या वेळी आभाळ मोकळं. २०२४ च्या जुलैत पुन्हा ४७ फुटांच्या पुढं. आणि २०२५ मध्ये मान्सून २४ मेलाच केरळात आला, राज्यात मे महिन्यातच धो धो. पाऊस लवकर आला की बरं, असं वाटेल. पण मे महिना मशागतीचा असतो. वापसाच नाही, म्हणजे रान मशागतीजोगं सुकलंच नाही, तर नांगरट, कुळवणी होणार कधी? भुदरगड, आजरा, पन्हाळ्याकडं भाताची धूळवाफ पेरणी कोरड्या मातीतच करावी लागते, रोहिणीत पेरायचं आणि मृगाच्या पावसावर उगवायचं. माती चिखल झाली की ती पेरणीच गेली. मग तरवे (रोपांचे वाफे) टाकून रोपलागण, म्हणजे मजुरी वाढली.

मे महिन्यातल्या पावसाचा आणखी एक फटका बाहेरच्यांना दिसत नाही. बंधाऱ्यांत तेव्हा बरगे घातलेलेच असतात. नदीला अचानक पाणी चढलं की ते बंधाऱ्यावरून आणि बाजूनं फिरतं, काठ खचतात, काठावरची शेती वाहून जाते. पाण्याच्या दाबाखाली अडकलेले बरगे काढणं जिवावरचं काम आहे. काठावरच्या मोटारीही खालीच असतात. रात्रीत पाणी वाढलं तर सकाळी मोटार पाण्यात. दुसऱ्या टोकाला ऑक्टोबर. परतीचा पाऊस रेंगाळला तर बरगे घालता येत नाहीत, आणि तो लवकर गेला नि बरगे घालायला उशीर झाला तर अडवायचं पाणी तोवर कर्नाटकात गेलेलं असतं. बंधारा तोच, बरगे तेच, फक्त तारखा चुकतात आणि सगळं फसतं.

धरणावरच्या माणसाची पंचाईत

पूर आला की धरणं आधी रिकामी का ठेवली नाहीत म्हणून ओरड होते. उपसाबंदी लागली की धरण पूर्ण का भरलं नाही म्हणून मोर्चा निघतो. दोन्ही वेळेला समोर अभियंता तोच असतो.

ही धरणं मुळात सिंचनासाठी आहेत. पावसाळा संपताना ती भरलेली पाहिजेत, नाहीतर पुढचे आठ महिने कठीण. पूर अडवायचा तर उलट जुलै-ऑगस्टमध्ये धरणात मोकळी जागा पाहिजे. पूर्वी जुलैत जरा पाणी सोडून दिलं तरी सप्टेंबरमध्ये ते भरून निघेल, याची बऱ्यापैकी खात्री होती. आता ऑगस्ट २०२३ सारखा जाईल की ऑगस्ट २०१९ सारखा, हे जुलैच्या मध्यावर कोण सांगणार? पाच-सात दिवसांचा अंदाज आता बरा येतो, आणि त्यावर बेतून टप्प्याटप्प्यानं विसर्ग करता येतो. पण धरणातली जागा काही आठवड्यांची तयारी मागते.

राधानगरीची गंमत वेगळीच. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरलेल्या पातळीवर गेलं की दाबानं आपोआप उघडतात. प्रत्येकातून १,४२८ क्युसेक. त्या काळच्या तंत्राची कमाल म्हणून आपण पावसाळ्यात ते बघायला जातो, फोटो काढतो. पण आपोआप उघडणारा दरवाजा अंदाज बघून दोन दिवस आधी उघडत नाही. धरण भरल्यावरच उघडतो, आणि तेव्हा खाली नदी आधीच फुगलेली असू शकते. सातही उघडले तर जवळपास दहा हजार क्युसेक, म्हणजे दिवसाला पाऊण टीएमसीहून जास्त. आधी सोडायचं तर वीजगृह आणि सेवाद्वार एवढीच वाट.

अलमट्टीचा विषय टाळून चालणार नाही, कारण शिरोळ-करवीरमध्ये पुराची कुठलीही सभा तिथंच येऊन थांबते. कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्या या धरणाची सध्याची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आहे, कर्नाटकला ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे, आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं मुख्य दोष अलमट्टीच्या फुगवट्याला, म्हणजे धरणामागं तुंबणाऱ्या पाण्याला, दिला नाही. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं यांकडं बोट दाखवलं. पूरग्रस्तांतल्या अनेकांना ते आजही मान्य नाही. पातळी वाढवण्याआधी पूर्ण अभ्यास आणि दोन्ही राज्यांचा रोजचा समन्वय हवाच. पण उद्या अलमट्टी नकाशावरून पुसलं तरी वरचा पावणेनऊ टीएमसीचा हिशेब बदलत नाही, आणि आपण नदीकाठी टाकलेले भरावही हलत नाहीत. शेजाऱ्याकडं बोट दाखवणं सोपं असतं, त्यात निवडणूकही निघते.

काठावरच्या बांधकामासाठी नकाशावर निळी आणि लाल रेषा असते. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा आला की आता शंभर वर्षं निवांत, असा अर्थ बरेचजण घेतात. खरा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांचं गृहकर्ज काढलं तर तेवढ्या काळात असा पूर किमान एकदा बघायची शक्यता चारात एक. आणि हे गणितही जुन्या नोंदींवरचं. पावसाचं वागणं बदललं तर रेषाही सरकतात, कागदावर सरकोत न सरकोत.

आता उसाकडं

उसाला शिव्या घालून लेख संपवायची एक फॅशन आहे. पुण्या-मुंबईत बसून ते जमतंही. पण पुरात आठवडाभर पाण्यात राहूनही ज्याचं काहीतरी हाताला लागतं असं दुसरं पीक दाखवा. सोयाबीन, भुईमूग, भाजी दोन-तीन दिवसांत संपते. हमखास खरेदी आणि कायद्यानं ठरलेला किमान दर आणखी कुठल्या पिकाला एवढ्या सहज मिळतो? शेतकरी ऊस लावतो तो हिशेबानं लावतो.

तरीही पाण्याचा आकडा नजरेआड करता येत नाही. उसाला पूर्ण काळात साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं, पाटपाण्यावर त्याहून जास्तच दिलं जातं. दोन हजार मिलिमीटर म्हणजे एकरी ऐंशी लाख लिटर. शिरोळ-हातकणंगल्यात पावसाचे पाचशे मिलिमीटर वजा केले तर साठेक लाख लिटर नदीतून उचलायचे. या हिशेबानं एक टीएमसी पाण्यात साडेचार हजार एकरांच्या आसपास ऊस निघतो, तेही वाटेत गळती शून्य धरून. एप्रिल-मे मध्ये तापमान वाढलं की उसाची मागणी वाढते, आणि नेमकं तेव्हाच धरणातलं पाणी तळाला जातं.

ठिबकनं यातलं चाळीस-पन्नास टक्के पाणी वाचतं, हे सगळ्यांना पाठ आहे. मग सगळे ठिबक का करत नाहीत? आळस म्हणून सोडून देऊ नका, कारण पाणीपट्टीच्या पावतीत आहे. बऱ्याच संस्था पाणीपट्टी एकरावर घेतात, वापरलेल्या पाण्यावर घेत नाहीत. निम्मं पाणी वापरलं तरी पट्टी तेवढीच, म्हणजे वाचवणाऱ्याला फायदा काय? दुसरं कारण पाळीचं. संस्थेची पाळी पंधरा-वीस दिवसांनी येते, तेव्हा पाणी भरपूर आणि एकदम येतं. ठिबकला लागतं रोज थोडं थोडं. मधे साठवायला शेततळं किंवा टाकी नसेल तर ठिबकच्या नळ्या बांधावर गुंडाळून पडतात. तेव्हा एकट्या शेतकऱ्याला अनुदान देऊन हे सुटत नाही. आख्ख्या संस्थेची पाइपलाइन दाबावर चालणारी करावी लागते, मीटर बसवावे लागतात, पाळीचं गणित बदलावं लागतं. हे काम वार्षिक सभेत होतं, आणि तिथं किती वाद होतात हे ज्यानं सभा बघितली त्यालाच ठाऊक.

त्यामानानं सोप्या गोष्टी आहेत. पाचट न पेटवता सरीत कुजवलं तर ओल धरून राहते आणि सेंद्रिय कर्ब वाढतो. पूरपट्ट्यात जुलै-ऑगस्टची आडसाली लागण म्हणजे आता जुगार झाला. लागण कोवळी असतानाच पाणी येतं, पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांत) गाळ बसतो आणि रोप कुजतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण पुढच्या जुलैपर्यंत उंच झालेली असते, शेंडा पाण्याच्या वर राहिला तर ऊस बऱ्याचदा तरतो. उंचावरच्या रानात मात्र आडसालीचं गणित वेगळं, तिथं हा सल्ला लागू नाही.

पाणी आहे, पण कसलं?

शिरोळ भागात प्रश्न नेहमी टंचाईचा नसतो. वर्षानुवर्षं पाटानं भरमसाट पाणी दिलं, काळ्या जमिनीतून निचरा झाला नाही, खालचे क्षार वर आले आणि रानं क्षारपड झाली. महापुराचं पाणी आठवडाभर साचून राहिलं की निचरा आणखी बिघडतो. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून अशी रानं पुन्हा पिकाखाली आणण्याचं काम शिरोळमध्ये झालंय. खर्च मोठा, शिवाय सगळ्या शेजाऱ्यांना एकत्र यावं लागतं, कारण पाण्याला वाट काढायची तर ती कुणाच्या तरी रानातून जाणार.

दुसरं, एप्रिल-मे मधली पंचगंगा. प्रवाह कमी झाला की त्यात मिसळणारं गावांचं सांडपाणी आणि उद्योगांचं मळीचं-रंगाचं पाणी पातळ करायला पाणीच उरत नाही. केंदाळ (जलपर्णी) पसरतं, तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या येतात. नदीकाठी असूनही इचलकरंजीला पिण्याच्या पाण्यासाठी दुसरीकडं बघावं लागतं, आणि दूधगंगेवरून सुळकूडमधून पाणी न्यायचं ठरलं तर कागल भागातले शेतकरी आमच्या उसाचं काय म्हणून रस्त्यावर येतात. कोल्हापूर शहरही २०२३ पासून काळम्मावाडीचं पाणी थेट पाइपलाइननं घेतंय. प्रत्येक शहर वरच्या स्वच्छ पाण्याकडं सरकतंय. उन्हाळ्यात धरणात जेवढं उरतं त्यावर शेती, शहर, कारखाने असे तिघं हक्क सांगणार, आणि पिण्याचं पाणी आधी. शेतीचा नंबर त्यानंतर लागतो.

पश्चिमेला आणखी एक गोष्ट घडते. पाच हजार मिलिमीटरच्या पट्ट्यातल्या धनगरवाड्यांना मे महिन्यात झऱ्यावर रांग लावावी लागते. बेसाल्टच्या कातळात पाणी साठायला जागा कमी. जे काही धरतो तो वरचा जांभा, सडे आणि जंगलातली माती. तिथं बॉक्साइट खणलं, झाडी तोडली की पाऊस तसाच उतारावरून खाली येतो, खाली पूर वाढतो आणि वर झरा लवकर आटतो. धरणात पाणी साठवण्याचे कोट्यवधींचे आराखडे होतात, पण डोंगरात ते महिनाभर जास्त धरून ठेवण्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

पुराचं पाणी दुष्काळी भागाकडं वळवायची कल्पना मात्र जोरात आहे. कागदावर छान दिसते. हजार क्युसेकचा कालवा एक टीएमसी न्यायला साडेअकरा दिवस घेतो, पूर येतो आणि ओसरतो आठ-दहा दिवसांत. दुष्काळी तालुक्यांना पाणी मिळेल, मिळायलाही हवं. शिरोळचा पूर त्यानं किती इंच उतरेल, हे आधी मांडून दाखवायला हवं.

राहता राहिला पैसा. पीक विमा योजनेत राज्यात खरिपाला भात, सोयाबीन, भुईमूग, नाचणी वगैरे पिकं येतात; ऊस त्या यादीत नाही. म्हणजे पंचगंगेच्या पुरात सर्वांत जास्त बुडणारं पीक विम्याबाहेर. मिळते ती सरकारी मदत. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषानं बागायती पिकाला हेक्टरी १७,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, म्हणजे गुंठ्याला १७० रुपये. राज्य सरकार कधी त्यात भर घालतं, कधी नाही. एकरी चाळीस टन आणि टनाला तीन हजार धरले तर गुंठ्याचा ऊस तीन हजारांचा होतो. ती मदतही पंचनामा झाल्यावर, आणि पाणी ओसरल्याशिवाय तलाठी रानात शिरू शकत नाही. उपसाबंदीत दोन पाळ्या चुकून एकरी पाच-सात टन उतारा घटला, तर त्याचा पंचनामाच नसतो.